ढिला बोल्ट

अंधेरीच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझ्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट सांगत. माणूस हुशार, हात सोन्याचा, पण एका अमेरिकन गाडीचं इंजिन बांधताना ह्याने एक बोल्ट ढिला ठेवला आणि ऐन शर्यतीत इंजिन फुटलं. ही गोष्ट सांगणारे अजून दोघं-तिघं हयात असतील. गोष्ट खोटी आहे. बोल्ट ढिला नव्हता. मी तोंडाने सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

नवऱ्याला मी आयुष्यभर "अहो" म्हटलं आणि लोकांत "हे" म्हटलं. इथेही "हे"च लिहीन. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं, पण नाव घेऊन हाक मारण्याइतकी मी कधी सुधारले नाही.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही जोगेश्वरीला बैठ्या चाळीत राहायचो आणि ह्यांचा गाळा अंधेरी पूर्वेला. शेजारी एक लेथवाला टर्नर, पलीकडे प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढणारे, समोर स्टुडिओचे लाकडी सेट रंगवणारे. ह्यांच्या गाळ्यावर पाटी नव्हती. इंजिनाचं काम असलं की लोक टर्नरला विचारायचे, आणि टर्नर हनुवटीनेच आमच्या दाराकडे दाखवायचा. हे मालवणकडचे, शिक्षण सातवी. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचे. बोल्ट किती आवळला ते काट्यावर दाखवणारा एक पाना असतो, टॉर्क पाना. तो ह्यांच्याकडे होता. सुरुवातीला हे हाताने आवळायचे आणि मग तो पाना लावून पडताळायचे. दरवेळी काटा बरोबर जागेवर. शेवटी तो पाना फडक्यात गुंडाळून पेटीतच राहायला लागला. ह्यांना स्वतःच्या कशाचाच गर्व नव्हता, पण ह्या एका हाताचा होता. तेवढाच होता त्यांच्याकडे.

मी रोज बसने दुपारचा डबा घेऊन जायचे आणि मग तिथेच थांबायचे. मला शिवण येत होतं, त्यामुळे गॅस्केट कापायचं काम माझ्याकडे आलं. दोन लोखंडी तोंडांच्या मधे बसवायचा जाड कागद तो, इंजिनाच्या आकाराचा, भोकाला भोक जुळवून कापायचा. हे म्हणायचे, हिची कात्री माझ्या कानशीहून सरळ चालते. आणि मी म्हणायचे, जीभही. त्यावर हे हसायचे, बोलायचे नाहीत. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये आमची मुलगी गेली. सातव्या महिन्यातच आली आणि एक दिवससुद्धा जगली नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, नळावरच्या बादल्या उचलल्या असतील हिने. उचलल्या होत्या. कोण उचलणार दुसरं? डॉक्टरीण म्हणाली, बादल्यांनी असं होत नाही, पण डॉक्टरणीचं कोण ऐकतं, आणि मी तर मुळीच ऐकलं नाही. मीच मारली पोरीला, असं मी धरून बसले. देवाला दिवा लावणं बंद केलं. देवाचा राग नव्हता, आपल्या हाताने काही शुभ होत नाही असं वाटायला लागलं होतं. हे मला समजावत नसत. फक्त डबा घेऊन ये, घरात बसू नको, एवढंच सांगायचे.

अशा दिवसांत ती गाडी आली.

आंबोलीच्या गावठाणात एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे अंकल म्हणत. त्यांची भातशेती होती, ती गेली आणि तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या. शेती गेली त्या साली अंकलनी एका सिनेमावाल्याकडून ही अमेरिकन गाडी घेतली होती. दोन दारांची, फिकट निळी, आमच्या चाळीच्या दोन खोल्यांएवढी लांब. आत आठ सिलिंडरचं इंजिन, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या, उघड्या पुस्तकासारखे तिरपे. पाच-सहा वर्षं गाडी आंब्याखाली बंद पडून होती. चार जणांनी ढकलत आणली.

इस्टेटीतल्या झाडून सगळ्यांनी एकच सल्ला दिला. हे इंजिन भंगारात घाला आणि टेम्पोचं डिझेल इंजिन बसवा. तेव्हा मुंबईतल्या मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांची हीच गत व्हायची. वरून राजवाडा आणि आत टेम्पो. अंकल ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. मग ह्यांच्यापाशी येऊन म्हणाले, "मला दोन गोष्टी हव्यात. रविवारी हिच्यात बसून चर्चला जायचं, आणि एकदा तरी हिला धावपट्टीवर पळवायचं. होईल का?"

जुहूच्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा कधीमधी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. पाव मैल सरळ, एका वेळी दोन गाड्या, झेंडा खाली पडला की सुटायचं. पंधरा-सोळा सेकंदांत सगळा खेळ खलास.

हे दोन दिवस त्या इंजिनाभोवती नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "सोपा नाय गो. पळवूची तर क्याम उंच लागता. उंच क्याम घातलो तर बाजारातून जाताना धापा टाकतली. हिका गावात नांदवक व्हयी आणि पट्टीवर पळवक पण व्हयी." क्याम म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. घरात हे मालवणी बोलायचे, गाळ्यात मराठी. गाळ्यात बसून मालवणी बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतके खूश मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

इंजिन बांधायला सात महिने लागले. अशा इंजिनाचं सामान मुंबईत कुठे मिळणार? पिस्टन दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे आणून टर्नरने लेथवर उतरवले. बेअरिंगचा जोड अंकलच्या जहाजावरच्या भाच्याने परदेशातून कपड्यांच्या बॅगेतून आणला. क्याम ह्यांनी तीनदा घासून घेतला. दोन वेळा मनासारखा झाला नाही आणि टर्नर वैतागला, "बाबा, तू काय रणगाडा बांधतोयस काय?" मी सगळ्या गॅस्केटा कापल्या, एकूण एक. संध्याकाळी घरी जाताना माझ्या हाताला केरोसीनचा वास यायचा आणि मला तो आवडायला लागला होता.

मग खंडेनवमी आली.

ज्यांच्या घरी हत्यारावर पोट असतं त्यांना सांगायला नको. नवमीला हत्यारं घासूनपुसून मांडायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडू, नारळ. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. पाना नाही, लेथ नाही, हवेचा कॉम्प्रेसरसुद्धा नाही. दर वर्षी पूजा हे करायचे. त्या वर्षी हे सकाळीच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड, आणायला कुर्ल्याला गेले आणि तिथे अडकले. निरोप आला, उशीर होईल. मुहूर्त टळत होता. मार्चपासून मी देवाच्या ताटाला हात लावला नव्हता. पण तिथे दुसरं कोण होतं? मी पदर खोचला आणि आंघोळ करून घातलेल्या नव्या साडीत एकटीने सगळं मांडलं. हातोडे, कानस, पाने, लेथवाल्याचं टूलसुद्धा मागून आणलं.

बाकावर फडक्याखाली क्रँक ठेवलेला होता. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा, आठही पिस्टन त्यालाच धरून नाचतात. त्याच्या पोटातून बारीक भोकं गेलेली असतात, त्यांतून तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचतं. ह्यांनी आदल्या दिवशी तो धुऊन, भोकाभोकात हवा मारून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आता त्याला कोणी हात लावायचा नाही हे मला ठाऊक होतं. पण सबंध गाळ्यात तेवढीच एक वस्तू अशी लखलखीत, आणि तिलाच कुंकू नाही, हे मला बघवेना. मी फडकं उघडलं. हळदकुंकू लावलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. पोरीसाठी जोडले, खोटं कशाला बोलू? मग वरवरचे तांदूळ झटकले आणि फडकं होतं तसंच घडीवर घडी घालून ठेवलं.

तिथेच झालं ते. तीन दाणे एका भोकात गेले असणार. मला हे कळायला पुढे पाच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फडकं उघडलं तेव्हा कुंकू दिसलंच. मी कात्री घेऊन बसले होते, म्हटलं आता ओरडतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पूजेचं ताट हातात घेतलं हे त्यांना दिसलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या बोळ्याने त्यांनी क्रँक पुसला, त्याच्या एका जाड कडेला बोटाएवढं कुंकू मुद्दाम राहू दिलं, आणि बसवायला घेतला. भोकांत हवा परवाच मारली होती, पुन्हा मारायचं मनात आलं नाही. एरवी हा माणूस दहादा मारायचा.

पिस्टनला क्रँकशी जोडणारे आठ रॉड, प्रत्येकाला दोन, असे सोळा बोल्ट. ह्यांनी एकेक हाताने आवळला आणि म्हणाले, दे ठिपका. आवळलेल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायची रीत असते, म्हणजे राहिलेला ओळखू येतो. सोळा ठिपके मी दिले. माझ्या हाताने.

इंजिन सुरू झालं तेव्हा झाकणवाले, सेटवाले, सगळे जमले. आवाज असा की पोटात कळावा. टर्नर म्हणाला, झकास. नवं बांधलेलं इंजिन आधी बरेच दिवस सांभाळून, हळूच चालवावं लागतं, तसं अंकलनी दोन महिने चालवलं. रविवारी चर्च, कधी बाजार. एका दुपारी अंकल आम्हा दोघांना मार्वेच्या धक्क्यापर्यंत घेऊन गेले. पलीकडे मनोरी-गोराई, होड्या चाललेल्या, आणि आम्ही त्या निळ्या गाडीत खिडक्या उघड्या टाकून बोंबिलाच्या वासात भजी खात बसलो. हे मागच्या सीटवर डोळे मिटून इंजिनाचं ऐकत होते. मार्चनंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर हसले. कशावर ते आठवत नाही.

शर्यत हिवाळ्यात होती, सकाळी. बायका दोन-चारच होत्या, आणि नऊवारीत मी एकटी. अंकलनी गाडी स्वतः चालवायचा हट्ट धरला. डोक्याला हेल्मेट, गळ्यात क्रूस. झेंडा पडला आणि गाडी अशी उचलली की माझ्या तोंडून हाक गेली. शेजारची गाडी मागे पडली होती, हे मी पाहिलंय. अर्ध्यावर हे एकदम ताठ झाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांना आलं. "सोड, सोड, पाय सोड," असं हळू आवाजात म्हणायला लागले, जसे काही अंकल शेजारीच बसलेत. मग खटखट मलाही ऐकू आली आणि पाठोपाठ एक मोठा धडाका. गाडीखालून काळं तेल पट्टीवर पसरत गेलं. अंकलना काही झालं नाही, देवाची कृपा. पण रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला होता. हात जाईल एवढं भोक. असा ब्लॉक पुन्हा कुठे मिळणार नव्हता.

गाडी ओढून गाळ्यात आणली. दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, आज डबा आणू नको, घरीच थांब. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, काय झालं होतं?

"बोल्ट ढिलो रवलो," हे म्हणाले. "माझो हात चुकलो."

मी म्हटलं, कुठला बोल्ट? सोळाच्या सोळांवर मी ठिपका दिलाय. तुम्ही दे म्हणालात तेव्हा दिलाय. हे म्हणाले, दे म्हणालो, पण आवळला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आणि माझी अक्कल बघा. सात महिने मी त्या माणसाच्या हाताशी बसले होते, न आवळता तो "दे" म्हणणारच नाही हे मला कळायला नको? नाही कळलं. मला राग आला. वाटलं, एक गोष्ट चांगली होत होती, तीही ह्यांनी घालवली.

इस्टेटीत ह्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. फिटरने बोल्ट ढिला ठेवला असं स्वतःच्या तोंडाने सांगणं म्हणजे सुईणीने मूल हातातून पडलं म्हणून सांगण्यासारखं आहे. त्यानंतर कोण येणार? टर्नरने हनुवटी दुसऱ्या गाळ्याकडे वळवली. मोठी इंजिनं यायची बंद झाली, हे स्कूटरचे कार्ब्युरेटर साफ करायला लागले. दोन वर्षांनी गाळा सोडला आणि बिस्किटाच्या एका कारखान्यात मशिनी राखायच्या नोकरीला लागले. खाकी कपडे, भोंगा, डबा. टॉर्क पाना त्यांनी पेटीतून काढला आणि तिथे साधा पट्टा बसवायचा असला तरी तो लावून बघायचे, असं त्यांच्यासोबतचे सांगत.

आणि घरी मी होते. आता सांगायचं तर सगळं सांगते. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला आणि हे आवळायला बसले की मी म्हणायचे, राहू द्या, फुटेल. खाटेचा पाय डुगडुगला, मी म्हणायचे, सुताराला बोलवू, निदान तो आवळतो तरी. पाहुण्यांसमोरसुद्धा. हे हसायचे. एकदा माझ्या भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, पुरे कर. मी म्हटलं, माझा नवरा आहे, तुझा नाही. पाच वर्षं मी त्या माणसाला त्या एका बोल्टवरून सोलून काढलं. तोंडाचा पट्टा चालवण्याचा मला मोठा अभिमान वाटायचा. आता आठवलं की जेवण जात नाही.

पाच वर्षांनी अंकल आजारी पडले. मी मोसंबी घेऊन आंबोलीला त्यांना बघायला गेले. हे कामावर होते. अंकल खुर्चीत बसले होते, पायावर चादर. खिडकीतून आंब्याखालची गाडी दिसत होती, टायर खाली बसलेले. मला ते बघून भरून आलं आणि मी बोलून गेले, "अंकल, ह्यांना माफ करा. ह्यांच्या हाताने तुमची गाडी गेली."

अंकलना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी मोसंबीची पिशवी बाजूला सारली. "बाय, त्याच्या हाताचं नाव काढू नको माझ्यासमोर."

आणि त्यांनी सांगितलं. इंजिन उघडलं तेव्हा ते तिथेच होते. सोळाही बोल्ट शाबूत होते, ठिपक्यासकट. ज्या रॉडचं बेअरिंग जळलं, त्याच्याकडे तेल नेणाऱ्या भोकात ह्यांनी टाचणी घातली आणि तीन दाणे बाहेर काढले. जळून काळे झालेले, पण दाणेच. हळू चालवताना तेल कसंबसं पोचत होतं, पट्टीवर पुरलं नाही. हे ते दाणे तळहातावर घेऊन बसले. मग म्हणाले, अंकल, आधीच ती एक मरण स्वतःच्या माथी घेऊन बसलीय. आता कुठे देवाच्या ताटाला हात लावलाय. हे तिला कळलं तर ती परत उठणार नाही. तुम्ही शब्द द्या. पुसताना मीच हवा मारायला हवी होती, तेव्हा चूक माझीच आहे, खोटं नाही म्हणत मी.

"मी शब्द दिला," अंकल म्हणाले. "पाच वर्षं पाळला. पण तू त्याच्याबद्दल असं बोलत असशील हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी घरी कशी आले ते माहीत नाही. हे कामावरून आले, जेवायला बसले. मी ताट वाढलं आणि उभीच राहिले. म्हटलं, "अहो, ते तांदूळ माझे होते."

ह्यांचा हात भातावर थांबला. क्षणभरच. मग घास कालवत म्हणाले, "खयचे तांदूळ? बस, जेव आधी."

मी म्हटलं, अंकलनी सांगितलं मला सगळं. हे म्हणाले, अंकलांका ताप आसा, तापात माणूस काय पण बडबडता. मी रडले, पाय धरले, पाच वर्षांचं बोललेलं सगळं परत घ्यायला निघाले. बोललेलं कुठे परत घेता येतं? हे उठले, माझा हात धरून मला ताटावर बसवलं आणि म्हणाले, बोल्ट ढिला होता. झालं. पुन्हा त्यांनी त्यावर अक्षरही काढलं नाही.

पण मला गप्प बसवेना. दुसऱ्याच आठवड्यात मी इस्टेटीत गेले. टर्नर होता, झाकणवाले होते. मी चहावाल्याच्या बाकड्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, बोल्ट ढिला नव्हता, माझ्या पूजेच्या अक्षता होत्या. मग टर्नर प्रेमाने म्हणाला, "वहिनी, बायकोने नवऱ्याला सांभाळावंच. पण त्याने स्वतः कबूल केलंय हो." मी म्हटलं, अंकलना विचारा. ते म्हणाले, विचारू. तोवर अंकल गेले. त्याच आठवड्यात.

आणि झालं भलतंच. आधी लोक म्हणायचे, चूक केली पण मर्दासारखी कबूल केली. आता म्हणायला लागले, बघा, इतक्या वर्षांनी बायकोच्या माथी मारतोय. ते फिरून कारखान्यापर्यंत गेलं. ह्यांच्या कानावर आलं तेव्हा हे घरी येऊन माझ्यावर ओरडले, लग्नानंतर एकदाच. "एवढ्या वर्सांत माझ्याकडे एकच गोष्ट उरलेली, चूक माझी म्हणान सांगितलेली. ती पण घालवलंस." मग लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे, चहा कर. मी चहा केला.

दशक संपायच्या आत हे गेले. कामावरच छातीत कळ आली आणि रिक्षात घालून नेईपर्यंत संपलं. पन्नाशीही गाठली नव्हती.

बाराव्या दिवसाच्या आत इस्टेटीतली माणसं भेटायला आली. टर्नरही आला, म्हातारा झालेला. सतरंजीवर बसला, ह्यांच्या फोटोकडे बघत डोळे पुसले. खरे पुसले, नाटक नव्हतं त्यात. म्हणाला, "वहिनी, असा हात मी आयुष्यात पाहिला नाही. तो एक बोल्ट सोडला, तर."

खोलीत माझा भाऊ होता, चाळीतल्या बायका होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही बोलणार म्हणून. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, दाणे, टाचणी, अंकल, सोळा ठिपके. ह्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "तेवढा एक ढिला राहिला."